जिवंत मुलीचं पान

पितृपक्षात म्हाळाच्या दिवशी राऊळांच्या घरी सगळी पानं मांडून झाली की जाईबाई शेवटी एक लहान पान मांडत. केळीच्या पानाचा तळहाताएवढा तुकडा, त्यावर चमचाभर खीर, एक छोटा वडा आणि चिमूटभर भात. मोठी पानं सासऱ्यांची, नवऱ्याची आणि गिरणीत काम करताना गेलेल्या दिराची. लहान पान सुनेच्या मुलीचं.

सून म्हणजे सुगंधा. आणि तिची ती मुलगी मेलेली नव्हती.

कुठल्याशा थंड देशात ती वाढत असणार, एवढं घरातल्या तीन मोठ्या माणसांना ठाऊक होतं: जाईबाईंना, त्यांच्या मुलाला म्हणजे जयवंतला, आणि सुगंधाला. सुगंधाची थोरली मुलगी सीमा तेव्हा लहान होती. बाहेरच्यांना सांगितलं तेच तिलाही सांगितलं. तरी दर भाद्रपदात ते पान मांडलं जाई. कावळा शिवेपर्यंत जाईबाई खिडकीपाशी हात जोडून उभ्या राहत आणि सुगंधा ओट्याकडे तोंड करून वडे तळत राही.

हे सुरू झालं ते नायगावच्या चाळीत. जयवंतची छापखान्यातली नोकरी गेली होती, सुगंधाचे सासरे दवाखान्यात होते, आणि सरोगसी क्लिनिकची एजंट बाई घरी आली ती जाईबाईंच्याच ओळखीने. बी त्या परदेशी जोडप्याचं, तुझी नुसती कूस, असं ती म्हणाली. त्या काळी याला बंदी नव्हती. पुढे परदेशी लोकांना मनाई झाली आणि मग पैसे घेऊन मूल वाढवून देणंच बंद झालं. करार इंग्रजीत होता. सुगंधा दहावी झालेली, अक्षर वळणदार. वकिलाने बोट ठेवलं तिथे तिने सही केली. मुलावर हक्क सांगायचा नाही, त्याला भेटायचं नाही, त्याची चौकशी करायची नाही, हे तिला हिंदीत समजावलं. तिने मान हलवली. मूल तेव्हा नव्हतंच. जे माणूस अजून नाही त्याला भेटणार नाही, हे कबूल करायला कितीसं जड जातं?

पोट दिसायच्या आत तिने क्लिनिकच्या वसतिगृहात जायचं आणि चाळीत सांगायचं की नाशिकला एका घरी स्वयंपाकाला गेली आहे, असं ठरलं होतं. पण नेमकी सीमाला कावीळ झाली. आजारी पोरीला टाकून जाणार नाही म्हणून सुगंधा हटून बसली. सीमा खाटेवरून उठली तोवर सुगंधाचं पोट साडीत मावेनासं झालं होतं.

शेजारच्या खोलीतल्या चंद्राकाकी दारातच उभ्या राहिल्या. "गो जाईबाय, सुनेक दिवस रवले आनि तोंडातून चकार नाय? आमी काय परके?"

"तसा नाय गो," जाईबाई म्हणाल्या, "नजर लागता."

"माझी नजर लागता? बघ हां, मीच ओटी भरतंय तिची."

नाही कसं म्हणणार? मजल्यावरच्या बायकांनी डोहाळजेवण केलं. सुगंधाला हिरवी साडी नेसवली, फुलांची वाडी घातली, पेढा की बर्फी ते वाट्या झाकून ओळखायला लावलं. जाईबाई कोपऱ्यात बसून हसत होत्या आणि त्यांच्या हातातला गजरा चुरगळून गेला होता. त्या वाईट नव्हत्या. समोरच्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलं नाही. एजंट बाईलाही जमलं नाही, चंद्राकाकींनाही नाही.

मग शेवटचे दोन महिने वसतिगृह, आणि बाळंतपण. मूल दुसऱ्या दाराने गेलं. हिरव्या पडद्यापलीकडून सुगंधाने रडणं ऐकलं, तेवढंच. मुलगी आहे, हे परिचारिका दुसरीला म्हणाली म्हणून कळलं.

रिकाम्या हाताने परतलेल्या बाळंतिणीबद्दल काय सांगायचं हे कुणी ठरवलंच नव्हतं. करार लिहिणाऱ्यांना चाळीचा जिना ठाऊक नव्हता. पहिल्याच मजल्यावर चार बायका आडव्या आल्या, "काय झाला? काय झाला?" आणि जाईबाईंच्या तोंडून निघून गेलं, "मेलेला झाला."

त्यानंतर राऊळांकडे चूल पेटली नाही. शेजाऱ्यांनी पेटू दिली नाही. सकाळी एका घरून पेज, दुपारी दुसऱ्या घरून भात आणि कुळथाची पिठी. सुगंधाला दूध आलं तेव्हा चंद्राकाकींनी मोगऱ्याची फुलं आणली, छातीला बांधायला. त्याने दूध आटतं म्हणाल्या. फुलं बांधता बांधता त्यांनी आपल्या पहिल्या मुलाची गोष्ट सांगितली. तो असाच गेला होता. दाईने दाखवलाही नव्हता. नवऱ्यापाशी, आईपाशी, कुणापाशी त्यांनी हे उघडं केलं नव्हतं. "तुका सांगतंय," त्या म्हणाल्या, "तुकाच कळतला." आणि सुगंधाच्या मांडीवर डोकं ठेवून त्या रडल्या. सुगंधाने त्यांच्या केसांतून हात फिरवला. खरं सांगायची ती वेळ होती. ती गेली.

पुढच्या म्हाळाला चंद्राकाकींनीच विचारलं, "छोट्याचा पान मांडलंस?" एवढ्या लहान जिवाचं पान मांडत नाहीत, असं भटजींनी सांगितलं होतं. पण चंद्राकाकी समोर उभ्या होत्या. जाईबाईंनी पान फाडलं, तुकडा मांडला. एकदा मांडलं ते मांडलं. दुसऱ्या वर्षी थांबावं तर जाईबाईंनाच भीती, की तोंडाने जिवंत पोर मारलं, आता पान चुकलं तर काही होऊन बसायचं.

चाळ पाडायला निघाली तेव्हा राऊळ आणि चंद्राकाकी एकाच संक्रमण इमारतीत आले, हे वर आणि त्या दोन मजले खाली. सुगंधा दादरला एका गल्लीत पोळी-भाजी केंद्र चालवू लागली. सीमा परळच्या एका ऑफिसात लागली आणि तिच्यासाठी स्थळं बघणं सुरू झालं. मुलीचा विषय घरात म्हाळापुरता निघे, तोही न बोलता.

यंदा श्रावण संपता संपता केंद्रावर एक बाई आली. सुती साडी, खांद्याला कागदांनी फुगलेली पिशवी. तिने पोळ्या मागितल्या नाहीत.

"सुगंधा जयवंत राऊळ तुम्हीच ना? मी मृणालिनी, वकील आहे. गिरगावात ऑफिस आहे माझं. तुमच्याशी एकटीशी बोलायचंय."

"सोसायटीचं असेल तर मिस्टरांना भेटा, मॅडम."

"सोसायटीचं नाही. लिनेयाचं आहे. तुम्ही जिला जन्म दिलात, तिचं नाव लिनेया."

सुगंधाने गॅस बंद केला. मागे पिठाचे डबे होते तिथे दोघी बसल्या. मृणालिनी शांतपणे, शब्द निवडून बोलत होती. लिनेयाचे वडील वारले होते. तिला वाढवलं त्या बाई, बिर्गिट, तिच्याजवळच होत्या. पण त्यांच्या देशात मुलाला जी जन्म देते तीच कायद्याने आई. इथला जन्मदाखला तिथे चालत नाही.

"म्हणजे?"

"म्हणजे तिथल्या नोंदीत लिनेयाची आई म्हणून तुमचं नाव आहे. पहिल्या दिवसापासून."

"मी? आई म्हणून?"

"हो."

"आणि मला आत्ता सांगताय?"

"मलाही आत्ताच कळलं, सुगंधाताई."

"आणि आत्ता सांगताय ते काढून घ्यायला."

मृणालिनीने नाही म्हटलं नाही. बिर्गिटना मुलगी दत्तक घ्यायची होती आणि त्याला जन्मदात्रीची संमती लागत होती; इथलं काम त्यांनी मृणालिनीकडे दिलं होतं. वडील असेपर्यंत निभावलं. आता शाळेच्या सहीपासून ऑपरेशनच्या सहीपर्यंत सगळं अडलं होतं. कायद्याने बिर्गिट तिची कुणी नव्हती. उद्या सरकारने ठरवलं तर मुलगी परक्या घरीही जाऊ शकली असती.

"तिकडे मानवी हक्कांचं मोठं न्यायालय आहे," मृणालिनी म्हणाली. "ते म्हणतं, जी सांभाळते तिच्याशी मुलाचं नातं कायद्याने मानलं जायला हवं. मुलांच्या हक्कांचा जगातल्या बहुतेक देशांनी मान्य केलेला करारही आहे. आपण कुणापोटी आलो ते जाणून घ्यायचाही मुलाला हक्क आहे."

"आणि बाईला?"

"कुठल्या बाईला?"

"जिच्या पोटी आलं तिला. तिला काय जाणून घ्यायचा हक्क आहे?"

मृणालिनीने पिशवीचा पट्टा सारखा केला. "तो करार मुलांचा आहे, ताई."

सुगंधा हसली. त्या हसण्याने मृणालिनीला अवघडल्यासारखं झालं. "तुम्ही नाही म्हणू शकता," ती घाईने म्हणाली. "तुमच्यावर जबरदस्ती नाही."

"नाही म्हटलं तर पोरीचं काय ते तुम्हीच सांगितलंत की आत्ता. ही जबरदस्ती नाही तर काय? हो म्हणते मी. पण मला तिला एकदा बघू द्या. लांबून चालेल. फोनवर चालेल."

"तेवढं मागू नका."

"का?"

"पहिल्या वेळी पैसे दिले गेले, हे कोर्टाला ठाऊक आहे. ते आधीच बिचकून आहेत. आता त्यांच्यापुढे जबाब देताना तुमची संमती अगदी विनाअट हवी. तिच्या बदल्यात तुम्हाला काही हवंय असं दिसलं, तर ते म्हणतील, हाही सौदाच. माझ्यासमोर असा एक अर्ज फेटाळला गेलाय. भेट मागितली तरी तो मोबदलाच धरतील."

"तेव्हा पैसे घेतले, ते लोकांना कळतं तर शिव्या खाल्ल्या असत्या," सुगंधा म्हणाली, "आणि आता काही घ्यायचं नाही. नुसतं बघायचंही नाही." तिने गॅस पेटवला. "सांगा त्यांना, येते मी जबाबाला."

घरी तिने सगळं सांगितलं, सीमादेखत. सीमा ऐकून उठली आणि आईच्या शेजारी येऊन बसली. बोलला जयवंत.

"आता उकरून काढ. पोरीला बघायला माणसं येतायत, त्यांना काय सांगायचं?"

"तुम्ही तेव्हा काय सांगितलंत? मला विचारून सांगितलंत?"

"मी नाही, आईने सांगितलं."

"माका कित्याक पुढे करतंस?" जाईबाई उसळल्या. "तू जिन्यात माझ्या मागे होतंस मरे! तोंड होता ना तुका?"

जयवंत मनाने गरीब माणूस होता आणि आयुष्यभर दुसऱ्याच्या मागे उभा राहिला होता.

म्हाळाच्या दिवशी जाईबाईंनी लहान पान फाडायला घेतलं तेव्हा सुगंधाने ते त्यांच्या हातातून काढून घेतलं. "आई, तिला नाव आहे. ती शाळेत जाते. तिचं पान नाही मांडायचं."

चंद्राकाकी वडे थापायला दर वर्षीसारख्या वर आल्या होत्या. परातीवरून मान वर करून त्या म्हणाल्या, "अगो, छोट्याचा पान खंय?"

"काकी, ती जिवंत आहे," सुगंधा म्हणाली.

चंद्राकाकींना आधी वाटलं, हिच्या डोक्यावर परिणाम झाला. मग सुगंधाने सांगितलं, एजंट बाईपासून हिरव्या पडद्यापर्यंत. जाईबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या. चंद्राकाकींनी ऐकून घेतलं. उठल्या, नळाखाली हात धुतले, पदराला पुसले.

"पैशाचा माका काय नाय," त्या म्हणाल्या. "पोट सगळ्यांक आसा. पन मी माझा पोर तुझ्या मांडयेर ठेवलंय गो त्या दिवशी. तू गप रवलंस."

"काकी, मी सांगणार होते…"

"माझ्या हातची पेज खाल्लंस तू. फुला बांधून घेतलंस."

त्या गेल्या. जयवंत कपाळाला हात लावून म्हणाला, "झालं! आता बिल्डिंगभर होणार." पण बिल्डिंगभर काही झालं नाही. चंद्राकाकींनी कुणालाही सांगितलं नाही. लिफ्टमध्ये सुगंधा भेटली की त्या मजल्यांच्या आकड्यांकडे बघत, आणि आपला मजला आला की उतरून जात. त्यांनी चारचौघांत भांडण काढलं असतं तर सुगंधाला बरं वाटलं असतं.

जबाबाच्या दिवशी सुगंधा आणि जयवंत बसने गिरगावात आले. वाडीतल्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर मृणालिनीचं ऑफिस. जयवंतने इस्त्रीचा शर्ट घातला होता. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं. मृणालिनीने त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि सुगंधाला संगणकासमोर. पडद्यावर तिकडच्या कोर्टाचा एक करड्या केसांचा अधिकारी होता आणि शेजारी दुभाषी बाई. बाई मूळची पुण्याची असावी. बरीच वर्षं तिकडे राहिल्यामुळे तिचं मराठी पुस्तकी झालं होतं.

अधिकारी सभ्य होता. प्रत्येक प्रश्नानंतर थांबे. संमती कुणाच्या दबावाखाली देत आहात का? नाही. तिच्या बदल्यात काही मिळालं आहे का, मिळणार आहे का? नाही. दत्तकविधान झालं की तुमचं आईपण कायद्याने संपेल, हे समजलं आहे का?

"समजलं," सुगंधा म्हणाली.

मग अधिकाऱ्याने कागदातून मान वर काढली. दुभाषी बाईने विचारलं, "या मुलीची भेट व्हावी किंवा तिच्याशी ओळख राहावी, अशी आपली इच्छा आहे काय?"

सुगंधाला वाटलं, हाच तो सापळा. मृणालिनी म्हणाली होती तो. इथे हो म्हटलं की सगळं ओमफस, मुलगी परक्या घरी. पडद्याबाहेर बसलेल्या मृणालिनीकडे तिने पाहिलं. मृणालिनी खाली बघत होती. ती काही सुचवू शकत नव्हती, आणि तिला सुचवायचंही नव्हतं.

"नाही," सुगंधा म्हणाली.

अधिकारी थांबला. पुन्हा काहीतरी बोलला. "ते विचारत आहेत, नक्की?"

"नक्की. माझी काही इच्छा नाही."

खाली उतरताना जिन्यात मृणालिनीने तिचा हात धरला. "फार नीट बोललात, सुगंधाताई. आता अडचण येऊ नये." तिच्या आवाजात सुटकेचा भाव होता, आणि तो खोटा नव्हता. बसस्टॉपवर जयवंतने विचारलं, "झालं ना?" "झालं," सुगंधा म्हणाली. त्याने तिच्यासाठी उसाचा रस आणला. तिने तो प्यायला.

थंडीच्या दिवसांत मृणालिनी पुन्हा केंद्रावर आली. दुपारची गर्दी ओसरली होती.

"दत्तक मंजूर झालं."

"बरं झालं," सुगंधा म्हणाली आणि पोळी उलटली. "पोरीची काळजी मिटली."

मृणालिनी गेली नाही. डब्यांना टेकून उभी राहिली. "आणखी एक आहे. सांगावं की न सांगावं, बरेच दिवस ठरत नव्हतं. निकालात लिनेयाचा जबाबही आहे. तो आधी कुणाला दाखवत नाहीत, मलाही ठाऊक नव्हता. तुमच्या आधी तिला एकटीला बोलावलं होतं. तिने न्यायाधीशांना सांगितलं, 'दत्तक मला हवंय. पण त्या बाईला विचारा, तिला मी कधी आठवते का. तिला मला बघावंसं वाटतं का.'"

सुगंधाचा हात तव्यावरच थांबला.

"म्हणून त्यांनी तुम्हाला तो प्रश्न विचारला. तो सापळा नव्हता. तो तिचा प्रश्न होता."

"आणि मग?"

"तिला जाणून घ्यायचा हक्क आहे. म्हणून त्यांनी तिला बोलावून तुमचं उत्तर सांगितलं. तिने त्यावर काही म्हटलं नाही, एवढीच नोंद आहे."

पोळी करपल्याचा वास सुटला तेव्हा मृणालिनीनेच पुढे होऊन गॅस बंद केला. ती भराभर बोलू लागली. आपला सल्ला चुकला, अतिसावधपणा नडला. संमती देताना खोटं सांगितलं असं आता कळवलं तर निकालच पुन्हा उघडला जाईल, म्हणून तसं करता येणार नाही. पण पत्र पाठवता येईल, साधं पत्र, कायद्याचं काही न लिहिता. मात्र लिनेया सज्ञान होईपर्यंत ते तिच्या हाती द्यायचं की नाही, हे तिची आई ठरवेल.

"तिची आई," सुगंधा म्हणाली.

"बिर्गिट. मी लिहिते त्यांना. समजूतदार आहेत त्या."

"लिहा."

काउंटरवर एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं. सुगंधाने त्याला हाताने थांबायची खूण केली. मृणालिनीशी बोलताना प्रथमच तिचा आवाज अगदी खाली आला.

"मॅडम, तिला मराठी येत नसेल ना?"

"नाही."

"मग मी 'नाही' म्हटलं ते तिला त्या दुभाषी बाईने सांगितलं?"

"त्यांनीच सांगितलं असणार, तिच्या भाषेत."

"कसं सांगितलं असेल हो? तुटकपणे नसेल ना सांगितलं? जरा थांबून, जवळ बसून सांगितलं असेल ना?"

मृणालिनीला ते ठाऊक नव्हतं. निकालात तसलं काही लिहीत नाहीत.